भेव कोनाले

तुरीच्या ओळीतून वाघ बाहेर आला तेव्हा रुपा त्याच्याकडे पाठ करून कापूस वेचत होती. देवकाबाई तिच्या समोर, थोड्या ओळी सोडून उभी होती. म्हणून तो आधी दिसला सासूला.

रोहण्याच्या शिवारात वाघ फिरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाल्यापलीकडे त्याने एक गोऱ्हा मारला होता. पण असा भरदुपारी, कापसात येऊन उभा राहील असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

देवकाबाईचा हात बोंडावरच थांबला. ओरडावं तर रुपा दचकून पळेल, आणि पळत्या जिवावर तो झेप घेईल. गप्प राहावं तर ती अशीच वाकून राहील, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं.

नवरा गेल्यापासून देवकाबाई गावातल्या मठात जाऊन बसायची. तिथले महाराज एवढंच सांगायचे, की काही दुखलं, राग आला, भीती वाटली, तर आत विचारायचं, हे कोणाला होतंय? ती रोज पहाटे विचारायची. उत्तर ठरलेलं, मले. मले गुडघा दुखते. मले त्याईची आठवण येते. महाराज हसायचे. "विचारत राहा, बाई."

आज तिने विचारलं नव्हतं. प्रश्न आपसूक उठला. भेव कोनाले वाटून राह्यलं?

आतून कोणी 'मले' म्हटलं नाही. पाय लटपटत होते, छाती धडधडत होती. समोर वाघ दिसावा तसं ते सगळं लख्ख दिसत होतं. पाहणारी मात्र कुठेच सापडेना.

त्या रिकाम्या जागेतून आवाज निघाला. संथ, जेवायला बोलवावं तसा.

"रुपा, उभी राह्य. मांगं पाहू नको. हळूहळू माह्याकडे ये."

"काऊन, आई?"

"ये म्हटलं ना."

रुपा आली. देवकाबाईने तिला दंडाला धरून आपल्या पाठीशी घेतलं. वाघाने दोघींकडे पाहिलं, कान हलवले आणि तो वळून तुरीत शिरला. तुरीचे शेंडे हलत हलत नाल्याकडे गेले. तेव्हा कुठे रुपाला कळलं. तिला रडू फुटलं.

दोघी धुऱ्याच्या बांधावरून कशाबशा रस्त्याला लागल्या. बाभळीखाली आल्यावर देवकाबाई मटकन बसली.

"आई, तुमाले भेव नाई वाटलं?"

देवकाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती स्वतःच्या गालांवरून, हातांवरून बोटं फिरवत होती, परक्याचं लेकरू चाचपावं तशी.

"रुपा, मले हाक मार."

"अं?"

"माह्या नावानं मार. जोरानं."

लग्न होऊन आल्यापासून रुपाच्या तोंडी सासूचं नाव कधी आलं नव्हतं. आताही जीभ रेटेना. पण सासूचे डोळे पाहून ती वाघापेक्षा जास्त घाबरली.

"देवकाबाई!"

हाक मोकळ्या शिवारात लांबवर गेली. देवकाबाई श्वास रोखून बसली होती, आतून ओ कोण देतं ते ऐकायला.