चंद्राबाईचा ओटा

पालखीची गल्ली रुंद करायला सरकारचं अनुदान आलं, तसे सरपंच कोंडाजी आधी चंद्राबाईच्या दारात गेले. तिचा ओटा इतका पुढं आलेला, की दर जत्रेला पालखी तिथंच अडायची आणि घटकाभर ओट्यावर टेकवावी लागायची.

"काकी, ओटा काढावा लागंल. या वळणावर सगळा भार पुढच्या खांद्यावर येतो. पोरांचे खांदे सोलून निघतात गं."

"मग काढा की रं," चंद्राबाई लगेच म्हणाली. आठवड्यात ओटा निघाला, गावभर तिचं कौतुक झालं.

जत्रेच्या दिवशी ती सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. पालखी जिथं टेकते, त्या घरच्या बाईनं खांदेकऱ्यांचे पाय धुवायचे, ही गावाची रीत. पुढचा खांदा तिच्या सहदेवचा. वाटणीवरून भांडून वेगळा झाल्यापासून त्यानं आईचा उंबरा ओलांडला नव्हता. पण पालखीची दांडी हातात असताना त्याला पाय मागं घेता यायचा नाही. वर्षातून तेवढाच तो तिच्या हाताला लागायचा.

ढोल जवळ आले. तिच्या दारासमोर सहदेवची पावलं मंदावली. मागच्यांनी रेटलं, आणि पालखी सरळ पुढं निघून गेली.

"बघ काकी," कोंडाजी खुशीत ओरडले, "यंदा कुठं अडली नाय!"

चंद्राबाईनं भरला तांब्या पदराआड घेतला.

"बरं झालं रं. सहदेवचा खांदा तेवढा बघशील? सोलला तर नाय ना?"