बोधचिन्हासकट सुटका

सत्त्याण्णव साली इस्लामपूरच्या एका कॉलेजात संगणकावर काढलेली रेघांची चित्रं कागदावर उतरवायची विद्या एकट्या नागसेनला यायची. काळ्या पडद्यावर तो एक ओळ टाइप करायचा, की चित्र प्रिंटरला कळेल असं व्हायचं. दुसऱ्या कुणी तीच ओळ टाइप केली, की निम्मं चित्र कागदाबाहेर. त्याला पुण्यात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि प्राचार्य काही सोडेनात.

शेवटी शनिवारी ते विरघळले. "जा बाबा. पर कार्यमुक्तीचं पत्र कॉलेजच्या बोधचिन्हासकट छाप. पुण्याच्या लोकांस्नी कळू दे, आमी बी काय कमी न्हाई."

बोधचिन्हात दातेरी चाक, मशाल आणि ऊस. ऑफिसातल्या अक्षता मॅडमनी छापून बघितलं, तर ऊस शेंड्याकडून गायब. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, तुमीच बसा," म्हणून त्या उठल्या. आपल्याच सुटकेचं काम म्हणून नागसेननं जीव ओतला.

प्राचार्यांनी चष्मा पुसून पत्र उजेडात धरलं. "पेरं न् पेरं उठलंय की रं!" त्यांनी उसावरून बोट फिरवलं. "आन् असला माणूस मी सोडू व्हय?"

सोमवारी नागसेन नेहमीच्या खुर्चीत बसला, तेव्हा ते पत्र काचेच्या फ्रेममध्ये त्याच्या डोक्यावर टांगलेलं होतं. 'सेवेतून मुक्त करण्यात येत आहे' हे दारातूनसुद्धा स्वच्छ वाचता येत होतं. मोकळी होती ती फक्त खालची सहीची जागा.