भांडगाव फाट्यावरचा फ्लेक्स

दारातल्या पाहुण्याने शर्टाच्या खिशात हात घातला, तेव्हा सुषमाने खोटे बोलायचे ठरवूनच टाकले होते.

"उस बोर्ड पर जो लड़का है," तो हिंदीत म्हणाला, "वह यहीं रहता है?"

"लाडू ना? वो गया. परवाच दिल्ली गया."

पाहुण्याचा हात थांबला. खिशातून कशाचे तरी चकचकीत टोक वर आले होते. त्याने ते पुन्हा आत सारले.

"दिल्ली," तो सावकाश म्हणाला.

रस्त्यावरच्या पांढऱ्या गाडीत आणखी दोघे बसले होते. तिघेही लाडूच्याच, आफ्रिकेतल्या देशातले, हे कुणी सांगायची गरज नव्हती. लाडू या वेळी घरामागच्या कांद्याच्या चाळीत होता. बाहेरून कडी तिनेच लावली होती. अर्ध्या तासापूर्वी फाट्यावरच्या टपरीवाल्या मच्छिंद्रचा फोन आला होता. "वहिनी, तुमच्या भाडेकऱ्यांच्या मुलखातले तिघं फ्लेक्सखाली उभे हायेत. जवळ जाऊन न्याहाळत्यात. मला काय लक्षण बरं दिसंना."

लाडू आणि वानी दोन वर्षांपासून वरच्या खोलीत राहत होते. पुण्यात शिकून दोघे कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लागले होते. पहिल्या दिवशी नावे ऐकून तिचे सासरे, हौशीराम आप्पा, म्हणाले होते, "लाडू आन् वाणी? मग दुकानच टाका की." लाडू लगेच हसला. वानी दुसऱ्या दिवशी, कुणीतरी समजावून सांगितल्यावर.

पूर्व आफ्रिकेतल्या त्यांच्या देशात दोन बंडखोर गट होते. लाडूचा काका एकाचा पुढारी. गेल्या महिन्यात त्याने सरकारशी समझोता केला आणि तो मंत्री झाला. दुसऱ्या गटाने सही केली नाही. त्यांच्या लेखी सही करणारे सगळे गद्दार. जेवताना लाडू हे रंगवून सांगायचा. वानी खाली मान घालून भाकरी मोडत राहायचा. तो कुठल्या बाजूचा, हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही.

तिच्या नवऱ्याला, रोहिदासला, मात्र आभाळ ठेंगणे झाले. "मंत्र्याचा पुतण्या आपल्या घरात हाय." आठ दिवसांत फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला. मधोमध फेटा बांधलेला लाडू, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेतून एखाद्याला गाळले की तो वर्षभर तोंड बघत नाही, म्हणून दूधवाल्या सावळारामपर्यंत सगळे होते. वानी फोटो द्यायला तयार नव्हता. "मला नको, वहिनी." लाजतोय, असे तिला वाटले. रानात हुरडा खाताना तिने काढलेला त्याचा फोटो तिनेच दुकानात पाठवला. घरातलाच पोरगा कसा गाळायचा?

पण फ्लेक्स लागला त्या दिवसापासून तिला तो खुपत होता. हमरस्त्यावर लाडूचा एवढा मोठा चेहरा. काढा म्हणून तिने दोनदा सांगितले. रोहिदास म्हणाला, "आणखी आठ दिस राहू दे."

"कमरा देखें?" पाहुण्याने विचारले. त्याची नजर घराच्या मागच्या बाजूला गेली.

सुषमा पुढे सरकून त्याच्या नजरेआड उभी राहिली. तेवढ्यात कंपनीची बस थांबली. पहिली पाळी सुटली होती. हातात डबा घेऊन वानी फाटकात आला आणि गाडी बघून जागीच उभा राहिला.

"वानी, बरं झालं आलास," ती घाईने म्हणाली. "हे लाडूला शोधत आलेत. परवा दौंडवरनं गाडीत बसला न्हाई का तो? ह्यांना स्टेशनचा रस्ता दाखव जरा." तिने डोळ्यांनी खुणावले.

पाहुण्याने वानीकडे पाहिले. मग पहिल्यांदाच हसला. "हाँ. यही दिखाएगा."

वानीने एकदा कांद्याच्या चाळीकडे पाहिले.

"हो, लाडू गेला," तो म्हणाला. "परवाच."

त्याने डबा तिच्या हातात दिला. दोन वर्षांत त्याने तिला कधी डबा धुऊ दिला नव्हता.

"आज तुम्ही धुवा, वहिनी."

तो गाडीत मागे, दोघांच्या मध्ये बसला. हुशार पोर, तिच्या मनात आले. क्षणात ओळखले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने चाळीची कडी काढली. लाडूच्या केसांत कांद्याची सालपटे अडकली होती. "वर जा, दार लावून बस," ती म्हणाली आणि विळा घेऊन फाट्याकडे निघाली. आता रोहिदासला विचारायचे नव्हते. तो चेहरा आजच्या आज उतरवायचा होता.

मच्छिंद्र टपरीतून बाहेर आला. "वहिनी, ती गाडी दौंडला न्हाई गेली. पुण्याकडं वळली."

"वानी हाय बरोबर. त्याला म्हाईत हाय रस्ता."

तिने दोरीला विळा लावला आणि वर पाहिले. लाडूचा चेहरा फेट्यासकट जसाच्या तसा हसत होता. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. खालच्या रांगेत, आप्पा आणि सावळाराम यांच्या मधोमध, ब्लेडने नीट कापून नेलेला चौकोन होता, आणि त्याखाली तेवढे नाव उरले होते: वानी.