खिडकीतला निळा कप

“ते तुझे लोक आहेत हे आज विसरायचं,” संशोधनाच्या मुलाखतींसाठी माझ्यासोबत बुखारेस्टहून निघताना प्राध्यापकबाईंनी बजावलं होतं. म्हणून आमच्या रोमा जमातीतल्या तांबटांच्या वस्तीत, सख्ख्या मावशीपुढे रेकॉर्डर ठेवून मी विचारलं, “तुमचं नाव?” मावशी ताडकन उठली. “माझं नाव विचारतेस? मग घे!” तिने खिडकीत वेगळा ठेवलेला निळा कप उचलला आणि कॉफी ओतून माझ्यापुढे आदळला. पोलीस, शिरगणतीवाले, सगळे परके त्याच कपात पितात. तो आमच्या भांड्यांत विसळत नाहीत. “अय्या, तुला खास कप!” शेजारी बसलेल्या बाई हरखल्या. मी कॉफी दाराबाहेर फेकली आणि फळीवरचा घरचा कप मावशीपुढे धरला. “यात ओत, पर्सिदामावशी.” “आठवलं का गं नाव?” तिने कप काठोकाठ भरला. “अगं, पण तटस्थपणा?” बाई कुजबुजल्या. मी निळा कप त्यांच्याकडे सरकवला. “तटस्थ माणसांना आमच्याकडे यातच कॉफी मिळते.”