पाटीवरचं नाव

आखातातल्या सोहारच्या कारखान्यात जहूरने अर्बाबाला, म्हणजे मालकाला, विचारून उरलेला स्टीलचा तुकडा घेतला आणि रत्नागिरीच्या घरासाठी अब्बांच्या नावाची पाटी कोरली: 'सुभेदार हुसेनमियां फणसोपकर, भारतीय सेना.' जुम्म्याच्या नमाजानंतर त्याने व्हिडिओ कॉलवर ती कौतुकाने धाकट्या भावाला दाखवली. साकिबचा चेहराच उतरला. "भाई, हुसेनमियां काढून टाक. नुसतं 'सुभेदार फणसोपकर' ठेव. आडनावावरून कोणाला धर्म कळत नाही. हल्ली टोळकी दारोदार पाट्या वाचत फिरतात." जहूर भडकला. "अब्बा याच नावाने सीमेवर लढले! त्यांना विचारलंस?" साकिबने फोन पलंगाकडे वळवला. अब्बा भरदुपारी गाढ झोपले होते. बनियनवर मात्र सगळी पदकं ओळीने लावलेली. "अरे, पदकं टोचतील त्यांना. काढून ठेव," जहूर म्हणाला. "काढू देत नाहीत," साकिब कुजबुजला. "कोणी अचानक आलंच, तर शोधत बसायला नको, म्हणतात."