लाडवाचा फोटो

रोज लाडवाचा फोटो काढून गोपाळकृष्णांच्या पदरात पडायची ती फक्त बायकोची बोलणी, तीही वारलेल्या बायकोची. पथ्याच्या अ‍ॅपवर गोडाचा फोटो टाकला, की तिचा रेकॉर्ड केलेला आवाज दटावायचा. तिच्या हातचा शेवटचा बेसनलाडू ते दुपारी बशीत मांडत आणि कान टवकारत. “अहो, ठेवा तो खाली! मला काय आंधळी समजलात?” “बरं बाई, ठेवला,” म्हणत ते लाडू जपून डब्यात ठेवत. शेवटी खराडीहून मुलाचा फोन आला. “बाबा, अ‍ॅपवर दिसतं मला, रोज एक लाडू? आईला कुठे जुमानता तुम्ही! तिचा आवाज डिलीट करून माझा टाकलाय.” खरं सांगायची त्यांना लाज वाटली. पुन्हा लाडवाचा फोटो काढला. “बाबा, शुगर वाढेल,” फोन म्हणाला. त्यांनी लाडू खाऊन टाकला. अ‍ॅपच्या हिशेबी असे कित्येक झाले होते. घरात तेवढा एकच होता.