भाकरीपुरता हात

“हात वर घ्या, काका. जमेल तेवढा.”

शहाजीने उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत येऊन तो थरथरला आणि खाली आला. अठ्ठावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर वाहिलेला माथाडी तो. आता शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत हात जायला मागत नव्हता. टोळीतली माणसं आधी हसली, मग ‘अंग चोरतोय’ म्हणाली, आणि दिवाळीनंतर तर त्याला कुणी हाक मारेनासंच झालं.

शेजारच्या खुर्चीत बायको शालन बसली होती. लेक प्रियदर्शिनी ऐरोलीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट हॉस्पिटलात आली होती. रिपोर्ट इंग्रजीत असणार, म्हणून.

डॉक्टर उझमांनी तो रिपोर्ट तिच्याकडे सरकवला, पण बोलल्या शहाजीशीच.

“शरीरातल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं असतात. ती जुनी होतात, बिघडतात. मग पेशी ती मोडते आणि त्यातलं कामाचं असेल ते नव्यासाठी वापरते. जन्मभर हे चालू असतं. गुंतलेली प्रथिनं सोडवायची आणि मोडायला पाठवायची, हे काम एका जनुकाच्या जिवावर चालतं. तुमच्या त्या जनुकातच चूक आहे. त्यामुळे बिघडलेलं सगळं आतच साठत जातं. स्नायू हळूहळू खराब होतात.”

“म्हंजे सडका कांदा कुनी निवडलाच न्हाई,” शहाजी म्हणाला. “मग अख्खी कांदाचाळ नासनारच.”

“तसंच.”

“औषध?”

“आज तरी नाही, काका.”

हे ऐकून खरं तर त्याने खचायला हवं होतं. पण उलट त्याच्या तोंडावर तरतरी आली. “मग तेवढं मराठीत लिहून द्या, म्याडम. मुकादमाला नेऊन दाखवतो. म्हनावं, आळशी न्हाई मी. आजार हाय.”

“देते. आधी एक सांगा. हा दोष आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो. घरात आणखी कुणाला असं झालं होतं?”

“न्हाई.” फार पटकन म्हणाला तो.

“मामंजींना,” शालन म्हणाली.



लग्नाच्या पहिल्याच वर्षी शहाजी बेंदराच्या सणाला गावी गेला होता. बाप, बाजीराव, बैलावर झूल टाकायला गेला आणि त्याचे हात उठेनात. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा झूल चिखलात पडली. पारावर माणसं बसलेली. शहाजीच्या अंगात तेव्हा मुंबईची रग होती. तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, “भाकरीपुरता बरा चालतो हात!” अख्खा पार हसला होता. त्या दिवसापासून बाजीराव कुणासमोर जेवला नाही. तेव्हा गावीच राहणारी शालन त्याला भाकरी कुस्करून द्यायची. तो भिंतीकडे तोंड करून ताटावर वाकायचा. शहाजीने तेही पाहिलं होतं, आणि सोंग म्हटलं होतं.

“त्यांना डॉक्टरला दाखवलं नव्हतं?” उझमांनी विचारलं.

“न्हाई,” शहाजी म्हणाला. “तवा मीच डॉक्टर झालतो.”

प्रियदर्शिनीने रिपोर्टचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. “म्हणजे आजोबांचं तुम्हाला, आबा. मग मला?”

“असेलही, नसेलही. अर्धी-अर्धी शक्यता,” डॉक्टर म्हणाल्या. “तपासणी होते. पण करायची की नाही ते तू ठरवायचंस. घाई नाही.”

तिने मान डोलावली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने दोन्ही हात डोक्यामागे नेले, सुटलेले केस गोळा केले आणि वर बांधू लागली. शहाजी त्या उचललेल्या कोपरांकडे बघत राहिला. मग शालनकडे न वळता त्याने विचारलं, “म्हातारा कधी काय बोलला व्हता? माझ्याबद्दल?”

शालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “एकदाच. म्हनाले, ‘माझ्या बापाचंबी असंच झालतं, पोरी. आमच्या रक्तातच हाय ते. शहाजीला सांगू नको, उगा भिईल.’”

प्रियदर्शिनीचे हात खाली आले. केस तसेच मोकळे राहिले.

“आई, म्हणजे तुला माहीत होतं? माझ्या जन्माच्या आधीपासून?”

“कुठलं माहीत, बाय,” शालन म्हणाली. “मला वाटलं, म्हातारा आळसावर पांघरून घालतोय.”